खुंटीवरचा कोयता

माझ्या पात्यावर, मुठीपासून बोटभर वर, मसुराच्या दाण्याएवढा गंजाचा ठिपका आहे. ज्या बाजूने दव ओघळतं, त्याच बाजूला तो वाढतो. बाकी पातं लख्ख आहे, कारण राखणदार मामा मला अजून धार लावतात.

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. लोहाराने मला गाडीच्या मोडक्या पट्टीतून घडवलं. कुंपणाच्या काट्या आणि जळण तोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण माझी खरी जागा म्हणजे देवराईच्या तोंडाशी असलेली ही खुंटी. राईत लोखंड न्यायचं नाही, हाताने तुटेल तेवढंच घ्यायचं, असा गावाचा नियम. सुईण मुळ्या न्यायची, हाडवैद्य पाला न्यायचा, त्यांचे विळे माझ्या शेजारी टांगलेले असत. आम्ही बाहेर राहिलो म्हणून आत झाडांच्या इतक्या जाती टिकल्या, असं सगळे म्हणत. नुसतं लटकण्याबद्दल शाबासकी मिळालेलं दुसरं हत्यार मला तरी माहीत नाही.

मग रस्त्याच्या भरावाच्या मातीतून एक परकी वेल आली. तिला ओढलं की तळहात सोलवटतात, ती तुटत नाही. ती शेंड्यांवर पसरली. खाली ऊन पडेना, रोपं उगवेनात. मुळ्या संपल्या, पाला संपला. शेजारच्या खुंट्या रिकाम्या झाल्या.

मामांची भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दर सुट्टीत येऊन ती सांगायची, वेल कापायला हवी. मामा म्हणायचे, अजून हाताने निघतेय. आणि मला धार लावत बसायचे.

"मामा, आत न्यायचा नाही, तर धार कुणासाठी लावतोस?"

"तुझ्या जिभेपुढे कमी पडू नये म्हणून."

तेव्हा दोघंही हसायची.

आज ती राईतून सावकाश बाहेर आली. आतलं शेवटचं मोठं झाड, ज्याची जात आसपास कुठेच उरलेली नाही, त्याची एकच फांदी हिरवी आहे. ते आता बी धरेल असं तिला वाटत नाही. वेल तोडली तर, असं मामांनी विचारलं. तरीही बहुतेक नाही, ती म्हणाली.

मित्रांनो, नियम जपाल तेव्हा तो कशासाठी केला होता, तेही जपा. आणि झाड हिरवं आहे तोवरच जपा.

मामा खुंटीपाशी आले. सोलवटलेल्या हाताने त्यांनी मला काढलं आणि भाचीकडे न बघता म्हणाले,

"चल. कोयता आत नेतोय मी."