बसलेल्या कोंबडीवरचा डालगा

मी एक जुना डालगा आहे. बांबूच्या कामट्यांनी विणलेला, पोटाने गोल आणि डोक्याने जरा चपटा. मला उपडा ठेवला की मी कोंबड्यांचं घर होतो आणि डोक्यावर गोटा ठेवला की ते घर पक्कं होतं. मुंगूस आणि रानमांजर यांचा माझ्यावर फार राग आहे. मित्रांनो, मला त्याचा अभिमान वाटतो!

एटापल्लीकडच्या एका जंगलगावात झिंगूआजोबांनी मला विणलं आणि सुनेच्या, म्हणजे नीलाबाईच्या हवाली केलं. तिच्या कोंबड्या दिवसभर मोहाच्या झाडाखाली वाळवी उकरत आणि संध्याकाळी माझ्या पोटात शिरून जागेसाठी भांडत. अंडी घरच्यांना, कोंबडे सणाला आणि पाहुण्यांना, असा तिथला रिवाज. त्यात मला कधी वाईट वाटलं नाही. कोंबड्या सुखाने वाढत होत्या, माणसं पोटभर जेवत होती.

माझं आणखी एक काम होतं. बाजारातून आणलेला पक्षी आधी काही दिवस माझ्याखाली वेगळा राहायचा. तो धडधाकट दिसला, तरच कळपात जायचा. पण गेल्या पावसाळ्यात नीलाबाईचा नवरा चंदन एक तुरेवाला कोंबडा घेऊन आला. त्याचा रुबाब पाहून चंदन इतका भाळला की त्याने त्याला थेट अंगणात सोडला. मी कोपऱ्यात रिकामा बसून होतो. त्या कोंबड्याबरोबर मानमोडीचा रोग आला आणि बघता बघता अंगण सुनं झालं. वाचली ती एकच काळी कोंबडी. त्या दिवसांत मला माझं रिकामं पोट खायला उठायचं.

धानकापणी झाली आणि काळी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली. नीलाबाईने तिची आणि शेजारून मागून आणलेली अंडी टोपलीत मांडली, काळीला त्यांवर बसवलं आणि वर मला ठेवलं. नवा कळप उभा राहणार होता तो एवढ्यावरच.

अशातच नीलाबाईच्या लेकीला, दिव्याला पाहायला पाहुणे आले. मुलगा राजदीप आणि त्याची आई बुधरीबाई. आता सोयरिकीच्या पाहुण्यांना कोंबडीचं जेवण नाही, हे कसं शोभणार?

चंदन हळूच म्हणाला, "काळीले धर. लोकं काय म्हणतीन?"

"धरतो ना. पण अंडी थंडी पडतीन जी," नीलाबाई म्हणाली. तिने माझ्यावरचा गोटा उचलला. आतून काळी गुरगुरली.

ती गुरगुर बुधरीबाईने ओळखली. ती उठून माझ्याजवळ आली.

"कोंबडी बसली हाये काय?"

"हो बाई."

"मंग तिले काऊन उठवता? आमी पोरगी पाहाले आलो, कोंबडी खाले नाई."

असं म्हणून तिने नीलाबाईच्या हातातला गोटा घेतला आणि परत माझ्या डोक्यावर ठेवला. "दाळभात टाका. लग्नात मात्र कोंबडं लागन, आताच सांगून ठेवतो!"

सगळे हसले. नीलाबाईने पदराने डोळे पुसले. त्या दिवशी अंबाडीची भाजी आणि वरणभात जेवून सोयरीक पक्की झाली.

पिल्लं निघाली, वाढली. गावात कोंबड्या-बकऱ्यांना औषधपाणी करणाऱ्या पशुसखीकडून त्यांना लसही टोचून घेतली. उन्हाळ्यात लग्न लागलं तेव्हा त्यांतलेच कोंबडे शिजले आणि बुधरीबाईने रस्सा दोनदा मागून घेतला. निघताना नीलाबाईने दोन तलंगा, म्हणजे अंड्यांवर यायच्या तरण्या कोंबड्या, माझ्याखाली झाकून लेकीबरोबर दिल्या.

आता मी दिव्याच्या अंगणात आहे. माझ्या दोन कामट्या तुटल्या होत्या, तिने नव्या घातल्या. मित्रांनो, जुन्या वस्तू चुलीत घालायची घाई करू नका. आणि नवा पक्षी कितीही देखणा असो, त्याला आधी वेगळा ठेवा.

परवा राजदीपचे मित्र आले. तो हौसेने माझ्यावरचा गोटा उचलू लागला. दिव्याने धावत येऊन त्याचा हात धरला.

"ती बसली हाये. आज वरण टाकतो."

ओसरीवर बसलेली बुधरीबाई उठली आणि चुलीवर डाळीचं आधण ठेवायला आत गेली.