घरचं की सार्वजनिक

माझ्या धाकट्या बहिणीचा लॅपटॉप ही वस्तू नव्हे, दुखणं आहे. पंखा कण्हतो, तळ तापतो, पेनड्राइव्ह लावायची दोन्ही भोकं मेलेली. दुकानदाराने बजावलं होतं की हा कधीही डोळे मिटेल, आणि एकदा मिटले की आतलं काहीही बाहेर काढता येणार नाही. तरी बाईसाहेबांनी आठ महिन्यांचं काम त्यातच ठेवलं. आता काय बोलायचं अशा माणसाला?

काम म्हणजे एका स्टुडिओच्या ऑडिओबुकसाठी जाडजूड कादंबरीचं वाचन. माझ्या कपड्यांच्या कपाटात तोंड घालून तिने ते रेकॉर्ड केलं, आवाज घुमू नये म्हणून. अकरा प्रकरणं. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सगळी स्टुडिओत दिली तर कायमचं काम, आणि कायमचं काम लागलं की वेगळी खोली. नवऱ्याचं घर सोडून ती माझ्याकडे आली तेव्हापासून तिचं पालुपद एकच, "दादा, मी फार दिवस नाही राहणार."

त्यात रस्ता खोदणाऱ्यांनी आदल्या दिवशी केबल तोडलेली, म्हणजे घरात इंटरनेटचा पत्ता नाही, आणि मोबाईलच्या एका काडीवर एवढ्या मोठ्या फायली जाणं शक्य नव्हतं. एकच वाट उरली होती. घरातल्या राउटरमधून तिच्या लॅपटॉपवरची प्रकरणं माझ्या लॅपटॉपवर घ्यायची आणि माझ्याकडून पेनड्राइव्हवर. मी म्हटलं, बस इथे, शीक जरा. ऑफिसात मी बारा कॉम्प्युटर जोडलेत. म्हणजे जोडणारा दुसरा होता, पण शेजारी मी उभा होतो.

दहा वाजता जेवणाच्या टेबलावर दोन्ही लॅपटॉप उघडले. माझ्या यादीत तिचा दिसेना, तिच्या यादीत माझा दिसेना.

"तुझ्या डबड्यात खोट आहे," मी म्हणालो.

तिने मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि आपल्या लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाकली. एका मशीनने दुसऱ्याला 'आहेस का?' विचारायची ती आज्ञा. राउटरने लगेच ओ दिली. माझ्या लॅपटॉपने दिली नाही.

"दादा, माझी हाक राउटरपर्यंत जाते. तुझ्यापर्यंत येत नाही. तुझ्याकडेच काही बंद नाही ना?"

दीडशहाणी. चार ओळी वाचल्या की लागली अक्कल पाजळायला. "माझ्याकडे काय बंद असणार?" म्हणत मी माझ्या सेटिंगमध्ये गेलो, केवळ तिचं तोंड बंद करायला. तिथे घरच्या वायफायच्या नावाखाली लिहिलं होतं: सार्वजनिक.

म्हणजे हे घर नाही, स्टेशन आहे, आजूबाजूला परकी माणसं आहेत, कुणालाही दिसू नकोस, असं माझ्या लॅपटॉपला सांगून ठेवलेलं. सांगितलं मीच होतं. ती दोन बॅगा घेऊन आली त्याच संध्याकाळी. लपवायला होतं तरी काय माझ्याकडे? पगाराच्या पावत्या आणि ऑफिसच्या सहलीचे फोटो.

एक टिचकी मारायची होती. पण ती शेजारी बसलेली, आणि बरोबर ठरलेली. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

पुढची चाळीस मिनिटं मी तिच्या लॅपटॉपची चिरफाड केली. अँटीव्हायरस काढला, वायफाय विसरायला लावलं, दोनदा बंद करून चालू केला. दर वेळी तो आणखी तापायचा. "मशीन कसं वापरावं याची पद्धत असते," मी ऐकवत होतो. ती मान खाली घालून वहीने त्याला वारा घालत होती. मला तेही हास्यास्पद वाटलं.

शेवटी बाराला पाच मिनिटं कमी असताना मला युक्ती सुचली. "जा, आतल्या खोलीतला राउटर बंद करून चालू कर." ती वळली आणि मी टिचकी मारली. सार्वजनिकचं घरचं झालं. ती परत आली, राउटरचे दिवे लागले आणि तिचा लॅपटॉप माझ्या यादीत हजर.

"बघ, राउटरच होता," मी म्हणालो.

"मला वाटलं तुझ्याकडचं काहीतरी. सॉरी हं, दादा."

प्रकरणं सरकू लागली. एकेकाला चार मिनिटं. ती प्रत्येकाचा आकडा मोठ्याने म्हणत होती. नववं आलं, दहावं अर्ध्यावर होतं, आणि तिची स्क्रीन काळी पडली. पंखा थांबला. बटण दाबून दाबून तिच्या अंगठ्याला वळ उठला, पण काही झालं नाही. दहावं आणि अकरावं गेलं, म्हणजे कादंबरीचा शेवटच गेला.

तिने स्टुडिओत फोन लावला. दोन दिवस मागितले, मग एक मागितला. मग नुसतं "बरं" म्हणून ठेवला. चाळीस मिनिटं मी वाया घालवली होती, आणि शेवटी कमी पडली सहा. हा हिशोब तिला ठाऊक नव्हता, मला होता. माझ्यासारखा हलकट माणूस मी पाहिलेला नाही.

तिने मेलेल्या लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू होतास म्हणून नऊ तरी वाचली, दादा."

मी म्हणालो, "त्यात काय एवढं."