माव्याचा वास लागलेलं कार्ड

मित्रांनो, मला हातात घ्या, पण नाकाजवळ नेऊ नका. चिंच लावून झाली, साबण झाला, दोन दिवस उन्हात ठेवून झालं, तरी तंबाखूच्या माव्याचा वास माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही. मी एक जुनं, मुदत संपलेलं क्रेडिट कार्ड आहे. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला मी दोऱ्यानं लटकत असतो. मुलांना गोष्ट सांगायची तर ती गोड असावी, हे मलाही कळतं. पण माझ्या नशिबात गोड थोडं आलं आणि ओकारी यावी असंच जास्त आलं. तेव्हा घडलं तसं सांगतो.

माझा मालक रुद्रेश. पंपाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, मनानं सढळ आणि कौतुकाला भुकेला. एका रविवारी मॉलच्या दारात एका बँकेच्या माणसानं त्याला अडवलं. "पावणं, बॅग फुकट हाय. सही तेवढी करा की." रुद्रेशनं त्या लाल, चाकांच्या बॅगेकडं बघितलं आणि माणूस बोट ठेवील तिथं तिथं सह्या केल्या. काय लिहिलंय ते वाचलं नाही. त्याच्या हाताला भज्यांचं तेल होतं, ते कागदावर उतरलं. मी अजून जन्मलोही नव्हतो, आणि माझ्यावर पहिला डाग पडून गेला होता. बॅगेचं म्हणाल तर पहिल्याच प्रवासात मलकापूरच्या स्टँडवर तिचं चाक निखळलं.

मग कुठल्याशा कारखान्यात मी आकाराला आलो. निळा, गुळगुळीत, कपाळावर सोनेरी चिप, छातीवर रुद्रेशचं नाव. माझ्याबरोबर माझी शेकडो भावंडं पाकिटांत बंद होत होती. आपण कुणाच्या तरी अडीअडचणीला उभं राहायचं, असं मला त्या वेळी मनापासून वाटत होतं. नव्या वस्तूला असं काहीबाही वाटतं.

सुरुवातीचे दिवस खरोखर बरे गेले. रुद्रेशची बायको शिवलीला मला कागदी पाकिटात घालून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवायची. बिल्डिंगमधल्या बारा बायकांची भिशी तीच चालवते. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम घालायची आणि जिचा नंबर असेल तिनं सगळी उचलायची. त्यामुळं पैसा कधी येतो आणि कधी जातो, हे तिच्या अंगात मुरलेलं. घरचा मिक्सर जळाला तेव्हा तिनं मला बाहेर काढलं, नवा मिक्सर घेतला आणि पगार झाल्याबरोबर बिलावरचा सगळ्यात मोठा आकडा जसाच्या तसा भरून टाकला. व्याजाचा एक पैसाही गेला नाही. "हातात येणार तेवढंच ह्याच्यावर घ्यायचं," ती रुद्रेशला म्हणाली, "न्हायतर न्हाय." तो 'व्हय व्हय' म्हणाला.

आणि पुढल्याच आठवड्यात त्यानं मला कपाटातून उचललं.

पाकिटात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं मला पातळ शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, लोकांना निळा रंग दिसावा म्हणून. त्या खिशात माझ्या एका बाजूला, शर्टाच्या आतून, त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी टेकायची आणि दुसऱ्या बाजूला माव्याची ओलसर पुडी. एकीकडं रोज सकाळी विभूती लावून पूजलेला देव, दुसरीकडं चुन्यातंबाखूचा लगदा, आणि मध्ये मी. दुपारच्या उन्हात त्याला घाम सुटला की पुडी पाझरायची आणि तो तपकिरी रस माझ्या चिपेवर यायचा. मित्रांनो, मला पाय नाहीत. असते तर मी पळालो असतो.

आमच्या कोल्हापुरात जेवणाचं बिल दुसऱ्यानं दिलं तर माणसाची मान खाली जाते. हॉटेलच्या गल्ल्यापाशी लोक बिलासाठी एकमेकांचे हात धरून अशी ओढाओढ करतात, की नवख्याला वाटावं भांडण लागलंय. रुद्रेशचा दोस्त अमरसिंह या ओढाओढीत कायम हरायचा, आणि हरताना चेहरा पाडायलाही विसरायचा नाही.

"काढ की रुद्र्या तुझं निळं पाखरू," तो म्हणायचा. "आमच्या खिशात काय, बसचं तिकीट."

"तू बस रं," रुद्रेश म्हणायचा. "आपण हाय की."

रुद्रेश लिंगायत, मटणाला शिवत नाही. स्वतः दहीभात खाऊन तो दुसऱ्यांच्या तांबड्या रश्श्याचं बिल भरायचा. आणि ते खाणारे मला हातोहात फिरवायचे. "बघू दे, बघू दे," करत रश्श्याची बोटं माझ्यावर पुसली जायची. एकदा तर अमरसिंहानं बोलता बोलता माझ्या कोपऱ्यानं दात कोरले. कोरले आणि तसंच परत दिलं. सगळे हसले, रुद्रेशही हसला. त्या दाढेतला धागा माझ्या कडेला दिवसभर चिकटून होता. आजही ती आठवण आली की माझी कड शिरशिरते.

पण खरी घाण ती नव्हती. ती पुसली तर जाते.

महिना संपला की रुद्रेशच्या मोबाइलवर बिल यायचं. त्यात दोन आकडे. वर मोठा, म्हणजे सगळी देणी. खाली एक लहान, साजिरा आकडा, म्हणजे निदान एवढं तरी भरा. रुद्रेशनं खालचा आकडा बघितला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. लहानपणापासनं त्यानं घरात भिशी बघितलेली. हप्ता चुकवायचा नाही, एवढा एकच नियम. त्यानं या लहान आकड्यालाच भिशीचा हप्ता धरलं. दर महिन्याच्या दहा तारखेला तेवढाच भरायचा आणि छाती काढून सांगायचा, "आपला एक हप्ता चुकलेला न्हाय." उरलेल्या पैशावर व्याज चढत होतं, नव्या खरेदीवर घेतल्या दिवसापासनं चढत होतं, आणि हा गडी प्रामाणिकपणाच्या आनंदात होता. वर बँकेतून गोड आवाजात फोन यायचा, 'आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात.' त्या आवाजात इतका पाक होता, की माव्यापेक्षा मला त्याचीच जास्त शिसारी यायची.

पुढं पुढं तो लहान आकडाही लहान राहिला नाही. मग रुद्रेश मला एका दुकानात न्यायला लागला. तिथं काही विकत घ्यायचं नसायचं. दुकानदार मला मशीनवर नुसतं घासायचा, आपला वाटा कापून घ्यायचा आणि उरलेली रोख गल्ल्याखालून द्यायचा. त्याच पैशातून रुद्रेश माझा हप्ता भरायचा. माझंच शेपूट तोडून मलाच खायला घालायचं, असा तो प्रकार. ते गिळताना मला काय वाटत असेल, ते तुम्हीच ओळखा.

या घरात एक मुलगी आहे. सुष्मिता, घरातली सुमी. तिचा डावा डोळा नाकाकडं वळायचा. लहान होती तेव्हा लोक म्हणायचे, भाग्याचं लक्षण हाय. पण ती चित्र बघताना मान वाकडी करायला लागली, तशी शिवलीला तिला गल्लीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा डोळा आळसावत चाललाय. आधी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली, त्यानं नजर थोडी सुधारली. आता डोळा सरळ करायचं ऑपरेशन शाळा सुरू व्हायच्या आत झालं तर बरं. उशीर कराल तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकायचं सोडून देईल. ऑपरेशन करणारे सर्जन पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. तारीख धरायला आगाऊ पैसे भरायला लागणार होते.

शिवलीलेनं मनात हिशेब जुळवला. तिचा भिशीचा नंबर पुढल्या महिन्यात होता. आज कार्डावर भरायचे, बिलाची तारीख यायच्या आत भिशी उचलायची आणि मोठा आकडा एका दमात फेडायचा. मिक्सरच्या वेळी केलं तसंच. मित्रांनो, मी ज्या कामासाठी जन्मलो ते काम शेवटी माझ्याकडं चालत आलं होतं. शिवलीलेनं रुद्रेशकडं मला मागितलं. त्यानं दिलं, पण तिच्याकडं न बघता.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीनं मला मशीनला लावलं. मशीन कर्कश वाजलं.

"ताई, चालत न्हाय हे."

"पुसून बघा की. चिकट झालंय जरा."

मुलीनं मला ओढणीला पुसलं आणि नाक मुरडलं. मशीन पुन्हा वाजलं. "लिमिट संपलंय म्हणतंय, ताई."

शिवलीलेच्या मागं रांग होती. सुमी काउंटरला हनुवटी टेकून, मान वाकडी करून माझ्याकडं बघत होती. आत्तापर्यंत मला दुसऱ्यांची किळस येत होती. त्या क्षणी मला माझीच आली. दातातल्या धाग्यांसाठी मी चाललो आणि या पोरीच्या डोळ्यासाठी चाललो नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत तारीख ठेवती तुमच्यासाठी," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "त्याच्या पुढं मला न्हाय जमायचं."

घरी आल्यावर शिवलीलेनं मला ओट्यावर ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं. रुद्रेश खुर्चीत बसला होता.

"किती हाय ह्याच्यावर?"

"हप्ता भरतोय की वेळेवर. एक चुकवला न्हाय."

"ते न्हाय विचारलं. किती महिन्यांचा हप्ता हाय?"

हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"आमच्या भिशीत बारा बायका," शिवलीला म्हणाली. "बारा महिन्यांत बाराजणींचा नंबर लागतोय आणि भिशी संपती. तुमच्या ह्या भिशीत किती माणसं?"

"मी. आणि बँक."

"मग तुमचा नंबर कधी लागतोय?"

रुद्रेशनं मोबाइल काढला. पहिल्यांदा त्यानं वरचा आकडा नीट बघितला, मग मागच्या महिन्याचा, मग त्याच्या मागचा. बघता बघता त्याचा हात खिशातल्या पुडीकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"दर महिन्याला बँकेचाच लागतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिशीच्या बायका जमल्या. मी शिवलीलेच्या पर्समध्ये होतो. त्या महिन्याचा नंबर वरच्या मजल्यावरच्या अक्काताईंचा. जैनांच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई, बोलायला फटकळ. भिशी उचलून त्या श्रवणबेळगोळला जाणार होत्या, पिशवीसुद्धा भरून ठेवलेली. शिवलीलेनं सगळ्यांसमोर नंबर बदलून मागितला. भिशी चालवणारीनंच असं मागायचं म्हणजे जीभ उचलत नाही. तिनं कार्डाचं काही लपवलं नाही, आणि नवऱ्याच्या नावानं खडेही फोडले नाहीत.

"कार्ड म्हणजे ते निळं?" अक्काताई म्हणाल्या. "तुझा नवरा खिशातनं मिरवतोय ते? मला वाटलं, कारखान्याचं ओळखपत्र हाय."

बायका हसल्या. शिवलीलाही रडता रडता हसली.

"घे नंबर," अक्काताई म्हणाल्या. "गोमटेश्वर उभाच हाय. पुढल्या महिन्यातबी उभाच असंल. पोरीचा डोळा थांबायचा न्हाय."

तारीख हुकली नाही. ऑपरेशन झालं.

रुद्रेशनं आपली बुलेट विकली. अमरसिंह म्हणाला, "येडा झालास काय रं? हप्ता जातोय न्हवं?" रुद्रेशनं विकून आलेला पैसा माझ्यावर भरला, माझ्यावरची खरेदी बंद करून टाकली आणि उरलेल्या देण्याचे बँकेकडून असे हप्ते बांधून घेतले, ज्यांना शेवट आहे. मावा सुटला असं मी म्हणणार नाही. पण वरचा खिसा आता रिकामा असतो.

माझी मुदत संपली तेव्हा मला वाटलं, आता कचऱ्यात. पण शिवलीलेनं मला चिंच लावून घासलं, साबणानं धुतलं, पदरानं पुसलं. माझी चिप कापून काढली, कडा काचपेपरनं घासून मऊ केल्या. जन्मल्यापासनं मला कुणी धुतलं नव्हतं. कारण एवढंच, की डॉक्टरीणबाईंनी सुमीला रोज थोडा वेळ चांगला डोळा झाकून वाचायला सांगितलंय. पट्टी चिकटवली की ती रडते. मला मात्र ती आपल्या हातानं डोळ्यावर धरते. अधूनमधून फटीतून चोरून बघते, आणि शिवलीला ओरडते, "लबाडी न्हाय करायची, बाळा."

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही खिशात माझं एखादं भावंड येईल. त्याला शिव्या देऊ नका आणि डोक्यावरही घेऊ नका. सही करण्याआधी हात धुवा आणि कागद वाचा. जे फेडायची ताकद हातात आहे तेवढंच त्याच्यावर घ्या, आणि बिलावरचा मोठा आकडा भरा, त्या लहान, गोड आकड्याकडं बघूसुद्धा नका. मिरवण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या हातात देऊ नका. त्याला अडचणीच्या दिवसासाठी स्वच्छ ठेवा. तो दिवस येतो, आणि सांगून येत नाही.

आज सकाळीही सुमीनं मला उजव्या डोळ्यावर धरलं आणि डावा डोळा कॅलेंडरवर लावला. रुद्रेशनं तिथं एका तारखेभोवती लाल गोल केलेला आहे. ती बराच वेळ बघत राहिली. मान वाकडी केली नाही.

"दहा," ती म्हणाली. "बाबा, गोलात दहा हाय."

रुद्रेश दारात बूट घालत होता. "भरला, बाळा."

"सगळा?"

"न्हाय, अजून हाय. पण दिवाळीला संपतोय."

तिनं पुन्हा नीट बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं. तिच्या झाकलेल्या डोळ्याची पापणी माझ्या अंगाला आतून लागत होती, उघडमीट, उघडमीट. तेवढा वेळ मला माझा वास आला नाही.