घोट्यावरची जखम, गुडघ्याजवळची सुई

धाकटा भाऊ सलूनमध्ये येऊन बसला, तेव्हाच दादांच्या मनात पाल चुकचुकली. एरवी वर्षवर्ष न फिरकणारा हा बेकरीवाला आज गिऱ्हाइकांच्या देखत त्यांच्या पायाची चौकशी करत होता. दिवसभर उभं राहून दाढ्या करणाऱ्या दादांच्या डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या आणि घोट्यावरची जखम काही केल्या भरत नव्हती. लेझरनं शीर बंद करतात, भाऊ म्हणाला, डॉक्टरीणबाईंशी बोलूनही ठेवलंय.

बोलून ठेवलंय? न विचारता? वडिलांच्या या दुकानावर धाकट्याचा पहिल्यापासून डोळा होता. थोरला अंथरुणाला खिळला की सगळं आयतंच हातात! दादांनी हे बायकोच्या कानावर घातलं. ती म्हणाली, त्या जखमेचा वास तुम्हाला येत नसेल, मला येतो. मुकाट्यानं जाऊन या.

ते गेले. टेबलावर झोपवून लेझरसाठी म्हणून त्यांना काळा चष्मा लावला, तेव्हा संशय आणखी बळावला. सुई तर गुडघ्याजवळच टोचली.

"बाई, जखम खाली आहे."

"माहीत आहे. वर चढायचं रक्त या शिरेतून खाली उलटतंय, म्हणून ती भरत नाही. ही शीर आतून भाजून बंद करायची."

बधिर करायला मांडीभर सुया टोचल्या. मग पायात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, तोंडाला जळकट चव आली आणि संपलंसुद्धा. ना चिरा, ना टाका. पट्टी आवळून बांधली आणि म्हणे चालायला लागा. दादांना वाटलं, आपल्याला चक्क गुंडाळलं.

बाहेर आले तर भाऊ डॉक्टरीणबाईंशी हलक्या आवाजात बोलत होता. दादांना बघताच गप्प झाला. बाई आत जाईपर्यंत दादांनी दम धरला.

"काय शिजतंय तुमचं?"

भावानं पँटचा पाय वर केला. घोट्याभोवती कातडी काळीठिक्कर पडली होती आणि मधोमध ओली जखम.

"भट्टीपुढं उभा असतो ना मी. भीती वाटत होती. म्हटलं, आधी तू करून घे."

"म्हणजे मला पुढं ढकललंस."

"हो."

दादा घरापर्यंत त्याच्याशी अक्षर बोलले नाहीत. नंतरही भाऊ जखम बघायला आला की ते पाय चादरीखाली ओढून घेत, त्याची जरा जिरावी म्हणून. पण चादरीखाली जखम कडेनं सुकत होती, आणि हळूहळू तिच्यावर गुलाबी कातडी धरली. जखम पुरती भरली त्या दिवशी दादा स्वतः बेकरीत गेले आणि भावाला पिठाच्या हातांनिशी दवाखान्यात घेऊन आले.

आत जाताना तो अडखळला. "दादा, दुखतं का रे?"

"टोचतं," दादा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? मी दाराशीच आहे. जा."