कप्तानाचा टब

पन्नाशी उलटल्यावर एका मंगळवारी सकाळी श्रीपतनं खरं बोलायचं ठरवलं. सवय अजिबात नव्हती.

वसईच्या किल्ल्यात शाळांच्या सहली फिरवायचा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. माणूस जवळच्याच उमेळ्याचा, किल्ल्यातला दगड न् दगड ओळखीचा. पण दगडाला तोंड नसतं, म्हणून त्याच्या वतीनं श्रीपत बोलायचा. भुयार थेट अर्नाळ्याला निघतं, बुरुजावर अमावास्येला घोडे धावतात, त्या तुटक्या खिडकीतून एक डोळा झाकून बघितलं की गणित येतं... पोरं आ वासून ऐकायची आणि बाई वहीत उतरवून घ्यायच्या.

आता मात्र पंचाईत झाली होती. किल्ल्याच्या नव्या समितीनं नियम काढला: पास असेल त्यानंच शाळा फिरवायच्या. आणि पास पाहिजे तर समितीच्या माणसासमोर एक अख्खी सहल फिरवून दाखवायची. पास मिळेपर्यंत धंद्याला कुलूप. श्रीपतनं आठवडाभर पुस्तक पाठ केलं. त्याची आई पुतळाबाई, किल्ल्यात चिंचेखाली उकडलेल्या शेंगा विकणारी, दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून गेली. "श्रीपत्या, ताप हाय का तुला? वाचतोस काय?"

परीक्षा घ्यायला आल्या उन्नती मॅडम. वय अठ्ठावीसच्या आसपास, डोक्यावर टोपी, हातात पॅड. सहल होती फुलपाड्याच्या शाळेतल्या सहावीची, बासष्ट पोरं.

श्रीपतनं सुरुवात केली. सोळावं शतक, पोर्तुगीज, तटबंदी, दरवाजे, चुना, दगड. सगळं खरं. दहा मिनिटांत एका पोरानं चिवड्याचं पाकीट फोडलं. पंधराव्या मिनिटाला बाईंनी जांभई दिली आणि ती रांगेच्या शेवटापर्यंत पोचली. उन्नती मॅडम काहीतरी लिहीत होत्या. चेहऱ्यावरून कळत नव्हतं, पण हात पटापट चालत होता, हे काही बरं लक्षण नव्हतं.

पडक्या चर्चच्या मागे गवतात एक लांबट दगडी डोण पडली होती. श्रीपत तिच्याकडे न बघता पुढे सटकला.

"काका, इथं नाही थांबणार?"

"तिथं काय मॅडम, दगड आहे."

"दगड?" मॅडमचा चेहरा एकदम उजळला. "मुलांनो, इकडे या. हा आहे कप्तानाचा टब! पोर्तुगीज कप्तानानं जहाजातून आणला. गरम पाण्यात बसून तो समुद्र बघायचा. काठावरची ही खूण बघा. तीन टिंबं म्हणजे त्याची तीन जहाजं, आणि चंद्रकोर म्हणजे ज्या रात्री तो उतरला ती रात्र."

 शब्द न् शब्द श्रीपतचा होता.

"मी पाचवीत असताना विरारहून आमची सहल आली होती," मॅडम सांगत होत्या. "इथल्या एका काकांनी हे सांगितलं आणि मी त्याच दिवशी ठरवलं, शिकायचा तर इतिहासच." त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "समितीची पुस्तिका. सोमवारी छापायला जातेय, सगळ्या शाळांत वाटणार. पान चौदा बघा."

पान चौदावर डोणीचा रंगीत फोटो होता.

श्रीपतनं नुसती मान हलवली असती तर पास खिशात होता. पण थापेचे त्याचे काही नियम होते. तोंडी थाप बरी. ती दिवसभर हिंडते आणि संध्याकाळी विरून जाते. छापलेली थाप विरत नाही. उद्या कुणीतरी शहाणा उठेल, या पोरीच्या तोंडावर पान चौदा फेकेल आणि सगळे हसतील. थट्टा आपली आणि तोंडघशी ती, हे त्याला पटेना.

"मॅडम, ती म्हशीची पाणी प्यायची डोण आहे."

"काय?"

"आमच्या म्हशीची. आजोबांनी बैलगाडीतून आणली. आमची गुरं इथं चरायची तेव्हा. खूण पण आमच्याच घरची."

"मग ते काका..."

"मीच."

मॅडमनी मान झटकली. "काका, परीक्षा चालू आहे. थापा मारू नका." आणि पॅडवर भलं मोठं शून्य काढलं.

बावीस वर्षं खोटं खपलं, आणि आज खरं बोलला तर गिऱ्हाईक नाही! श्रीपतला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात चिंचेकडून रोशनी नावाची पोरगी ओरडत आली. टबाची गोष्ट ऐकून शेंगा घ्यायला ती मघाशीच सटकली होती. "मॅडम, शेंगावाल्या आजीच्या पातेल्यावर पण तीन जहाजं आहेत!"

अख्खी सहावी धावली. मॅडम सगळ्यांच्या पुढे.

"आजी, ही खूण कुणाची?"

"कोनाची म्हंजे? आमची," पुतळाबाई म्हणाली. "लग्नाला अख्ख्या आळीची भांडी यायची. शंभर पातेली, सगळी सारखी. वाचता कोनाला येत व्हतं? म्हनून हरेक घराची येगळी खून. आमची तीन टिंबं नि कोयता."

"कोयता?" मॅडमचा आवाज बारीक झाला. "चंद्रकोर नाही?"

"चंद्रानं भात कापतात का गं? आनि ती डोन शेजारचा बाळक्या आपली म्हनून सांगायचा. मग सासऱ्यांनी तिच्यावर पन छिन्नीनं खून ठोकली. आमची चंद्री म्हस लई मानी. कोन बघत असंल तर पानी प्यायची नाय. सगळ्यांनी पाठ फिरवायची, मग ती प्यायची."

बासष्ट पोरं पुढे सरकली. चिवडावालासुद्धा.

"आजी, मग ती शेण कुठं टाकायची?"

"तू उभा हायस तिथं."

तो पोरगा हातभर उडाला. पोरं हसून लोळली. बाईंनी वही काढली.

"ए पोरी," पुतळाबाई मॅडमना म्हणाली, "डोन नेऊ का घरी? बदकांना व्हईल."

"आजी, इथला दगड हलवता येत नाही. संरक्षित आहे."

"आता संरक्षित! बाळक्यानं दोनदा पळवली तवा कुठं व्हतात?"

उन्नती मॅडम डोणीच्या काठावर बसल्या आणि पान चौदावर आडवी रेघ मारली.

"काका, अमावास्येचे घोडे?"

"नाहीत."

"अर्नाळ्याचं भुयार?"

"कुठला अर्नाळा, मॅडम!"

"खिडकीतून बघितलं की गणित येतं ते?"

"तुम्हाला दहावीला गणितात किती होते?"

"ब्याण्णव."

"मग ते राहू द्या की."

मॅडमना हसू आलं, पण पेन काही हललं नाही. "नापास, काका. पंधरा दिवसांनी परत परीक्षा. तोवर सहली आजी फिरवतील. 'स्थानिक जाणकार' म्हणून बिनपासाचा एक रकाना आहे, त्यात मी त्यांचं नाव लिहिते. तुम्ही मागून चालायचं आणि तोंड उघडायचं नाही."

"त्ये त्याला जमायचं नाय," पुतळाबाई म्हणाली.

गुरुवारी दुसरी शाळा आली. पुढे पुतळाबाई, मागे शेंगांचं पातेलं डोक्यावर घेऊन श्रीपत. जिभेला नुसती खाज सुटली होती. डोणीपाशी एका पोरानं वळून विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

श्रीपतच्या तोंडाशी एकदम चार उत्तरं आली. कप्तानाचा खापरपणतू, खजिन्याचा पहारेकरी... त्यानं ती सगळी गिळली.

"मी या आजींचा मुलगा. ही डोण आमची."

"ह्यॅ! काहीपण फेकता काका."

पुढे चाललेली पुतळाबाई मागे न बघता म्हणाली, "फेकतो तो, फेकतो. पन एवढं खरं हाय."