दोन तिकिटांच्या मधे सापडलेली बॅग

शपथ घेऊन सांगते मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! माझ्या चारही चाकांची शपथ! बरं, चौथं चाक आता राहिलं नाही, ते कसं गेलं ते सांगतेच पुढं. तर तीन चाकांची शपथ! खोटं बोलत असेन तर माझ्यात पुन्हा कुणी एक मोजासुद्धा न भरो.

मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. रंग जांभळा, पाठ टणक, आणि तोंड फाटकं. दोन्ही अर्थांनी म्हणा हवं तर.

तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला कुणीतरी मऊ दुपट्यात गुंडाळलं असेल. मला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या कारखान्यात तापलेल्या साच्यात घालून दाबलं. अंग गार होतंय न होतंय तोच दुसऱ्या मजल्यावरून फरशीवर आपटलं. एकदा नाही, चाळीस वेळा! मग पाठीत लोखंडी गोळा घातला. माझ्या शेजारची हिरवी बॅग एकतिसाव्या आपटीला उकलली, तर तिचा तिथंच भुगा केला. मी टिकले. आपटणारा माणूस म्हणाला, "ही मरायची नाही." झालं माझं बारसं.

तिथून मी आले जेजू बेटावर, ओकसिमबाईंच्या घरी. त्यांची मुलगी मीरान, तिच्या लग्नासाठी मला घेतलं होतं. दोन वर्षं काय माझा थाट! जो तो म्हणायचा, "काय देखणी बॅग आहे!" मग मीरानने दुसरी एक हलकी, गरगर फिरणारी आणली आणि माझी रवानगी झाली समुद्रकाठच्या खोलीत. त्या खोलीत गावातल्या बुड्या मारणाऱ्या बायका कपडे बदलायच्या, शेकोटीला बसायच्या आणि एकमेकींच्या सुनांची सालं काढायच्या. माझ्या पोटात ओले हातमोजे कोंबलेले. वास असा, की मांजरसुद्धा लांबून जायचं.

आता त्या बायकांचा एक नियम ऐका. पाठीला हवेची टाकी नाही, काही नाही. छातीत श्वास भरायचा, कमरेला शिशाचा पट्टा बांधायचा म्हणजे अंग खाली जातं, आणि तळावरचे शंख-शिंपले ओरबाडायचे. पण श्वास सगळा खाली खर्चायचा नाही. थोडा वर यायला राखून ठेवायचा. समोर कितीही मोठा शिंपला दिसू दे, सोडून यायचं.

ओकसिमची धाकटी बहीण मालसुन, तिला हेच जमायचं नाही. "अजून एकच" म्हणून थांबायची. एका महिन्यात दोनदा ओकसिमने तिला केसांना धरून बाहेर ओढलं, ओठ निळे पडलेले. दुसऱ्या वेळेला खोलीत आणलं आणि ओकसिमने तिचा शिशाचा पट्टाच काढून घेतला.

"आजपासून तू पाण्यात उतरायची नाहीस."

"तू कोण गं मोठी सांगणारी?"

"आई गेली तेव्हापासून तुझी आई!"

"आईनं मला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. आण माझं शिसं!"

आणि मालसुनने शिंपले उचकटायचा लोखंडी गज उचलला. ओकसिम वाकली, गज माझ्या पाठीत बसला. ही बघा चीर. ओकसिमने हातातला पट्टा फिरवला तो मालसुनच्या कपाळावर. रक्ताची धार! मालसुनने तिच्या दंडाचा असा चावा घेतला, की मागं एक दात तिथंच राहिला. सात बायका लागल्या सोडवायला, त्यातल्या दोघी लंगडत घरी गेल्या. आठवड्यात मालसुन नवऱ्याबरोबर जपानला गेली, आओमोरीला, सफरचंदांच्या बागेत काम करायला. वीस वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिशाचा पट्टा तेवढा माझ्या पोटात पडून राहिला.

आणि मग एका सोमवारी मालसुनच्या नवऱ्याचा फोन आला. मालसुनच्या हृदयाची झडप गेली होती. शुक्रवारी सकाळी नऊला ऑपरेशन. चुकलं तर पुढची तारीख दीड महिन्यानं, आणि दीड महिना ती काढेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

"मग अडलंय कुठं?" ओकसिमने विचारलं.

"ती टेबलावर चढत नाही. म्हणते, ताई माझं शिसं घेऊन येईल तेव्हाच चढेन."

ओकसिमने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "रांड अजून तशीच आहे."

आओमोरीला विमान आठवड्यातून तीनदा, आणि कामाचं उरलं फक्त गुरुवारचं. ते सुटतं सोलच्या समुद्राजवळच्या विमानतळावरून. आपलं जेजूचं विमान उतरतं शहराजवळच्या दुसऱ्याच विमानतळावर. मधे पाऊण तास आगगाडी.

मीरान म्हणाली, "आई, बुधवारी जाऊ. सोलला रात्र काढू."

"बुधवारी बंदी उठून शंखांचं पाणी उघडतंय. वर्षातला पहिला दिवस."

"मावशी मरायला टेकलीय!"

"म्हणून तर. तिला काय रिकाम्या हातानं भेटू? पहिल्या दिवसाचे शंख हवेत तिला. गुरुवारी सकाळचं विमान बघ."

"आई, दोन्ही विमानं वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. तिकिटं वेगळी. पहिलं उशिरा पोचलं तर दुसरं थांबणार नाही."

"सांगायचं, येतेय म्हणून. माणसंच आहेत ना ती?"

मित्रांनो, कान इकडे करा. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळ्या घरच्या सुना. एकीचं दूध उतू गेलं तर दुसरी चुलीवरून उठत नसते. आणि मी कुठं? मधे. पहिल्या विमानानं मला बाहेर थुंकायचं, कुणीतरी मला उचलून धावायचं, आणि दुसऱ्या विमानानं मला गिळलं तर गिळलं. आयुष्यभर "श्वास राखून ठेवा" म्हणणाऱ्या बाईनं त्या दिवशी दोन तिकिटांच्या मधे श्वास ठेवलाच नाही. एकच पाणी अजून! बहिणीहून काही वेगळी नव्हती ती.

बुधवारी तिनं शंख काढले, रात्री शिजवून सोया सॉसमधे मुरवले, बरणीत भरून माझ्यात ठेवले. खाली आठ किलो शिसं. गुरुवारी जेजूला वारा सुटला. साधा नाही! विमानतळावरची ताडाची झाडं जमिनीला डोकं आपटत होती. त्यात कुणीतरी यंत्रात मला बघितलं तर पोटात काळा ठिक्कर गोळा. शिशातून काही दिसत नाही ना! मला ओढून बाजूला आणलं, उघडलं, शंखांच्या वासानं तिथला शिपाई मागं सरला, "आजी, युद्धाला निघालात का?" म्हणाला. "बहिणीकडे," ओकसिम म्हणाली. "म्हणजे तेच."

विमान सव्वा तास उशिरा उडालं. पोटात अंधार. माझ्यावर गोल्फवाल्यांच्या लांबलचक पिशव्या, खाली संत्र्यांची खोकी. विमान हवेत दोनदा असं कोसळलं, की एका पिशवीतली काठी माझ्या बरगडीत घुसली. मी काय सोडते? पुढच्या हिसक्याला अख्ख्या आठ किलोनिशी तिच्यावर पडले. काडकन आवाज झाला. माझा नव्हे.

सोलला बाहेर आले तेव्हा फिरत्या पट्टीपाशी हाणामारी सुरूच होती. एक गोल्फवाला साहेब सगळ्यांच्या पुढं पाय फाकून उभा. ओकसिमने त्याला कोपरानं ढकललं.

"ओ आजी, रांग बघा!"

"रांग तुझ्या पिशवीला सांग, माझ्या बॅगेवर चढलीय!"

त्यानं तिचा हात झटकला. तिनं त्याची कॉलर धरली. अहो, सत्तर वर्षांची बाई, पण पन्नास वर्षं समुद्राशी कुस्ती खेळलेले हात! साहेब पट्टीवर आडवा झाला आणि दोन सुटकेसांच्या मधे बसून एक पूर्ण फेरी मारून आला. मीरान वाकून वाकून सगळ्यांची माफी मागतेय, आणि आई मला खेचून दारापर्यंत पोचलीसुद्धा.

मग पळापळ! जिन्यावर उचलायला वेळ नाही म्हणून ओकसिमने मला सोडून दिलं. मी धाड धाड धाड खाली, छत्तीस पायऱ्या, एका माणसाच्या अंगठ्यावरून, एक जाहिरातीचं फळकूट फोडून थेट फलाटावर. चौथं चाक तिथंच राहिलं. आत बरणी फुटली. गाडीत मीरानने मला पाठीवर आडवं केलं तर माझ्या चिरेतून काळा रस्सा गळायला लागला. शेजारची बाई किंचाळली, "रक्त!"

"शंखांचं आहे," ओकसिम म्हणाली. "माझं अजून गळायचंय."

मीरानने मग आईच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. आपल्याकडे आया मुलांना घालतात तसा, पाचही बोटं उमटतील असा. उलटं कधी कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्या डब्याच्या माना वळल्या.

"कालच निघायचं म्हटलं होतं ना मी? मावशी मेली तर? शंख चारशील तिला?"

ओकसिमने माझा कान, म्हणजे मूठ, अशी घट्ट धरली होती, की मला कारखान्यातला साचा आठवला.

विमान बाराला होतं. सामान घ्यायचं अकराला बंद. आम्ही खिडकीपाशी पोचलो अकरा वाजून सहा मिनिटांनी.

"सामान बंद झालं, आजी," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"सहाच मिनिटं! पहिलं विमान उशिरा आलं, माझा काय दोष?"

"ते दुसऱ्या कंपनीचं. तिकीट वेगळं. आमच्या लेखी तुम्ही घरूनच उशिरा निघालात."

ओकसिमने टेबलावर मूठ आपटली. पेन उडालं. "उद्या सकाळी नऊला माझी बहीण—" एवढंच बोलली, आणि मित्रांनो, ज्या बाईनं आत्ताच एक साहेब लोळवला होता, तिचा आवाजच गेला. वीस वर्षं तिनं ते शिसं माझ्यात ठेवलं होतं. दर वर्षी काढून तेल लावायची, पुन्हा ठेवायची. मला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

खिडकीतल्या मुलीनं पडद्याकडे पाहिलं. "तुमची बसायची जागा फोनवर घेऊन ठेवलीय ना? मग तुम्ही जाऊ शकता. बॅग नाही जाणार. पण पळावं लागेल."

मीरानने ती जागा आदल्या रात्री घेऊन ठेवली होती, एवढी एक अक्कल त्या घरात कुणीतरी दाखवली.

ओकसिम माझ्यावर तुटून पडली. माझी चेन अडकली. तिनं दातांनी ओढली, गुडघा दिला, शेवटी दोन्ही हातांनी मला उभी फाडली. हो, फाडली! आतडी बाहेर यावीत तसे कपडे बाहेर. रश्शात भिजलेला शिशाचा पट्टा तिनं ओढून काढला, सदऱ्यावरूनच कमरेला बांधला आणि गेली. मी तोंड वासून फरशीवर, आणि पसारा आवरायला मागं राहिलेली मीरान माझ्याजवळ बसून रडतेय.

पुढचं मला दहा दिवसांनी ओकसिमनेच सांगितलं, मला शिवताना. तपासणीला पट्ट्यावर यंत्र बोंबललं.

"आजी, हे काय?"

"शिसं."

"हे कुणाच्या डोक्यात घातलं तर?"

"ज्या डोक्यात घालायचंय ते आओमोरीत आहे. इथं कुणाला भीती नाही."

त्यांनी पट्टा उलटा केला, सुलटा केला, फडक्यानं पुसून पाहिला, नाकं धरली, आणि जाऊ दिलं. दार लावत होते तेवढ्यात ती आत घुसली. आठ किलो शिसं बांधून विमानात धावलेली ती पहिलीच बाई असावी.

संध्याकाळी दवाखान्यात मालसुन उशीला टेकून बसलेली. वाळून काडी झालेली. कपाळावर ती जुनी खूण. ओकसिम दारात उभी राहिली, केस विस्कटलेले, अंगाला माशांचा वास.

"उशीर केलास, ताई," मालसुन म्हणाली, आणि जवळ येताच एक खाडकन मुस्काटात दिली! ओकसिमने दुसऱ्या गालावर परत केली! नर्स धावली, मालसुनचा नवरा मधे पडला तर त्यालाही एक बसली. मग ओकसिमने पट्टा सोडून बहिणीच्या मांडीवर ठेवला.

"घे. पण उद्या वर यायला श्वास राख. तिथं मी केसांना धरायला नसेन."

सकाळी नऊला मालसुन टेबलावर चढली. पट्टा खाटेखाली. दुपारी तीनला वर आली. घशातली नळी काढल्यावर तिच्या तोंडून बारीक शीळ निघाली, पाण्यातून वर आल्यावर त्या बायका सोडतात तशी. डॉक्टरांना कळलं नाही. ओकसिमला कळलं.

आता मी पुन्हा समुद्रकाठच्या खोलीत असते, पोटावर चौसष्ट टाक्यांची शिवण घेऊन. तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. दोन वेगळ्या तिकिटांच्या मधे भरपूर वेळ सोडा, एक रात्र सोडलीत तरी चालेल. जिथं माणूस वाट बघतंय तिथं एक दिवस आधी जा. आणि बॅगेला जिन्यावरून ढकलू नका. आम्हाला तोंड नसतं असं तुम्हाला वाटतं.

राहिलं एक. सगळं खरं सांगितलं, शपथेवर. फक्त त्या दवाखान्यातल्या थपडा मी घातल्या पदरच्या. इतकी मारामारी करून पोचलेल्या दोघी बहिणी, आणि काय केलं त्यांनी? काही नाही. ओकसिम म्हणाली, मालसुनने नुसती पलंगावर थोडी सरकून जागा केली, आणि ही तिच्या शेजारी जाऊन बसली. मग दोघी खूप वेळ तशाच बसून राहिल्या. हे मला सांगवेना, म्हणून थोडं हाणलं.