भातावरचा आळ

माल्सूनच्या घरात गेले दोन महिने भाताचं नाव काढायची चोरी झाली होती. आता गंमत बघा. योंग्जू गावच्या बाजारामागच्या गल्लीत जिची तांदळाची गिरणी, जी बाई अडतीस वर्षं भल्या पहाटे उठून तांदूळ दळते, वाफवते आणि त्याचा तोक, म्हणजे तांदळाचा मऊ केक, करून अख्ख्या गावाला खायला घालते, तिच्याच घरात भाताचं ताट म्हणजे गुन्हा!

आग लावली ती सकाळच्या टीव्हीने. पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर हातात प्लॅस्टिकचं हाड घेऊन उभा होता. त्या हाडात लाल दिवा होता. "भात, शेवया, तोक," असं एकेक नाव तो घेई आणि दिवा पेटे. "ही सगळी कर्बोदकं. यांनीच आतून सूज येते, आजीआजोबा!"

माल्सूनच्या नवऱ्याने, चिल्सोंगने, हातातला चमचा तिथल्या तिथे खाली ठेवला. त्याचा उजवा गुडघा तीन वर्षं सुजलेला. त्याच दिवशी त्याने भात सोडला. एवढ्यावर भागलं असतं तर माल्सूनने काणाडोळा केला असता. पण दहा मिनिटांवर राहणारी सून यूरिम, तिनेही भात सोडला. बाळंतपणानंतर तिची मनगटं सुजली होती. मुलगा ग्यूथे उल्सानच्या कारखान्यात, शनिवार-रविवारपुरता घरी. म्हणजे इकडे सासरा आणि सून एका पक्षात, आणि माल्सून एकटी.

ती काही गप्प बसणारी बाई नव्हे. रोज सकाळी बाळंतिणीला देतात ते समुद्रशेवाळाचं सूप घेऊन ती सुनेकडे जायची, आणि सुपाच्या तळाशी शेवाळाखाली भात दडवायची. यूरिम चमच्याने तो भात अलगद बाजूला काढून वाटीत ठेवायची.

"आई, तुम्ही परत भात घातलात."

"मी कशाला घालू? सुपात पडला असेल."

"तळाशी एवढा ढीग पडला?"

"अगं, दूध यायला नको का अंगावर? माझ्या सासूने मला दिवसातून सहा वेळा भात खायला घातला. कुठे सुजले मी?" यावर सून हसून दाराकडे बघायची आणि माल्सून धुसफुसत गिरणीत परतायची.

खरा घाव मात्र पुढे बसला. नात दाओनचा शंभरावा दिवस जवळ आला. बाळाचे शंभर दिवस झाले की पांढरा तोक करायचा आणि तो शंभर घरी वाटायचा, म्हणजे लेकराला उदंड आयुष्य मिळतं. गावातल्या बँकेचा मॅनेजर, चौकीतला हवालदार, शाळेतल्या दोन बाई, सगळ्यांच्या शंभराव्या दिवसाचा तोक माल्सूनने वाफवलेला. मॅनेजरला तर ती अजून भर काउंटरवर सांगायची, की तुझ्या वेळी वीज गेली होती आणि मी चुलीवर वाफ काढली होती. अडतीस वर्षं ती स्वतःच्या नातवंडाची वाट बघत होती. आणि यूरिम म्हणाली, "आई, तोक नको. बदामाच्या पिठाचा केक मागवलाय. बिनसाखरेचा."

"बदामाचा?" माल्सूनचा आवाज चिरका झाला. "म्हणजे मी शंभर घरांत काय वाटू? बदाम?"

"वाटायलाच पाहिजे असं थोडंच आहे? ज्याने सूज येते ते मी लोकांच्या घरी कसं पाठवू?"

माल्सून त्या दिवशी गिरणीत येऊन पोत्यावर बसली आणि चक्क रडली. शेजारच्या केशकर्तनालयाची बुन्नी धावत आली.

"ताई, काय झालं?"

"अगं, मी अडतीस वर्षं गावाला सूज विकली म्हणे. यांचा गुडघाही मीच बिघडवला." आणि बोलता बोलता तिला खरंच तसं वाटायला लागलं. कारण चिल्सोंगचा गुडघा सुधारला होता, ते काही खोटं नव्हतं. म्हातारा कठडा न धरता जिने चढत होता, आणि येता-जाता पँट वर करून गुडघा दाखवत होता. "बघ, बघ. भात सोडला आणि गुडघा मोकळा झाला!" माल्सूनला त्या गुडघ्याचा इतका राग यायचा, की तो परत सुजला तर बरं, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनेच स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं.

शंभरावा दिवस उजाडला. शनिवार होता, पण जादा पाळीमुळे ग्यूथे रात्रीच येणार होता. लग्नांचा हंगाम, गिरणीत तोकाची अकरा ताटं वाफेवर लावलेली. बुन्नी स्वतःच्या ऑर्डरची वाट बघत स्टुलावर बसली होती. एकाएकी तिने माल्सूनला कोपराने ढोसलं.

"ताई, भावोजी काय करतायत बघा."

चिल्सोंगने पहिल्या ताटाचं झाकण उघडलं, कडेचा चांगला तळहाताएवढा कोपरा तोडला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. मान हलवली. दुसरं ताट. कोपरा. फुंकर. तोंडात.

माल्सून उठली नाही. तिने मोजलं. अकराव्या कोपऱ्यानंतर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, हे काय चाललंय?"

"मीठ बघतोय," चिल्सोंग भरल्या तोंडाने म्हणाला.

"भात सोडलाय ना तुम्ही?"

"सोडलाय की. दोन महिने शिताला शिवलेलो नाही."

"मग हे काय खाताय? हा तांदूळ नाही? लाकडाचा भुसा आहे?"

"खातोय कुठे? मीठ बघतोय!" म्हातारा खरोखर चकित झाला होता. "खाणं टेबलावर बसून असतं, चमचा हातात घेऊन. हे काम आहे. तीस-पस्तीस वर्षं करतोय, कधी कुणी याला जेवण म्हटलं?"

त्याच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेश नव्हता. चुलीपाशी उभ्याने तोंडात टाकलेला घास पोटात जात नाही, हे त्या गल्लीतल्या प्रत्येक गिरणीवाल्याचं मत होतं, आणि माल्सूनचंसुद्धा तेच होतं, आत्तापर्यंत. तिने तेवढ्याच मापाचे अकरा कोपरे तोडून वाडग्यात भरले. एक वाडगा भरून वाहिला, दुसरा घ्यावा लागला.

"एवढं तर तुम्ही भात खात होतात तेव्हाही खात नव्हतात, मेलं!" ती ओरडली. पण तिच्या अंगात वारं भरलं होतं. दोन महिने हा माणूस गावात सगळ्यात जास्त तांदूळ खात होता आणि त्याचा गुडघा उतरला होता!

"मग गुडघा बरा कशाने झाला?" बुन्नीने विचारलं.

तिघंही विचारात पडली. भाताबरोबर म्हाताऱ्याने तांदळाची दारू सोडली होती, दिवसाचे सहा कप गोड कॉफीही सोडली होती. शिवाय गेल्या महिन्यापासून तांदूळवाला पोती थेट आत आणून टाकत होता, त्यामुळे चिल्सोंगच्या पाठीवर पोतं आलं नव्हतं. यातलं नक्की कशाने, ते तो लाल दिव्याचा डॉक्टरही सांगू शकला नसता.

"चला!" माल्सूनने दोन्ही वाडगे आणि नवरा उचलला. "सुनेसमोर कबूल करा."

चौथ्या मजल्यावर यूरिमने दार उघडलं ते कोपराने. दाओन तिच्या हातावर होती. आत शिरायच्या आधीच माल्सूनने सुरुवात केली. अकरा ताटं, अकरा कोपरे, तळहाताएवढे, मीठ बघण्याच्या नावाखाली! चिल्सोंग मान खाली घालून पुरावा म्हणून उभा होता. यूरिम हसली. आधी जरा, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे बाबा रोज दोन वाडगे..."

"मीठ बघत होतो," चिल्सोंग पुटपुटला.

"आता बोल," माल्सून दोन्ही वाडगे पुढे करून म्हणाली. "सूज भाताने येते?"

यूरिमचं हसू थांबलं, पाणी मात्र थांबलं नाही. ती बाळाला घेऊन भिंतीला टेकून खाली बसली.

"नाही येत, आई. मला माहीत आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, साखरेचं, गोडाचं अति असेल तर कमी करा, पण नुसत्या भातावर आळ घेऊ नका. मनगट बाळाला उचलून उचलून सुजलंय. उचलणं बंद करा, आपोआप उतरेल."

"मग भात का सोडलास, बाई?"

"उचलणं कसं बंद करू? ग्यूथे पाच दिवस तिकडे. दिवसभर ही रडते, खाली ठेवलं की रडते." तिने बाही वर केली. आत दोन्ही मनगटांवर पट्टे होते, आणि पट्ट्याच्या कडेने हात गोळ्यासारखा फुगला होता. "काहीतरी सोडायला तर हवं होतं ना, आई. मला सोडता येईल असा फक्त भात होता."

माल्सूनच्या हातातले वाडगे एकदम जड झाले. साठ दिवस ती या दारात येत होती. साठ दिवस तिने सुपाचा तळ बघितला होता. सुनेची बाही एकदाही वर केली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. तिने दोन्ही वाडगे खाली ठेवले.

"दे इकडे," ती म्हणाली. तिने दाओनला उचललं, खुंटीवरचं कापड ओढलं, नातीला पाठीशी बांधलं आणि पुढे गाठ मारली. बाळ एक उचकी देऊन गप्प झालं. "आता झोप. कुणाला उठून दार उघडायचं नाही."

"पण तोक..."

"तू झोप म्हटलं ना!"

यूरिमला जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. घर शांत. ती घाबरून, केस न विंचरता तशीच गिरणीत पळत आली. आत वाफ दाटली होती. माल्सून पाठीवरच्या बाळासकट लाकडी डावाने पांढरा तोक तोडून पुडे बांधत होती, कारण या तोकाला सुरी लावत नाहीत, लेकराचं आयुष्य कापल्यासारखं होतं. चिल्सोंग वाटायला बाहेर पडला होता, एकसष्टाव्या घरापर्यंत पोचल्याची बातमी बुन्नीने आणली होती.

यूरिमने सवयीने बाळाकडे हात पुढे केले. माल्सून गर्रकन वळली.

"हिला हात लावायचा नाही. हा घे, गरम आहे तोवर खा."

यूरिमने तुकडा दोन्ही हातांत धरला आणि खायला लागली.

"उद्यापासून रोज सकाळी मी येते," माल्सून पुड्याला दोरा गुंडाळत म्हणाली. "दुपारपर्यंत ही माझ्याकडे. गिरणी दुपारी उघडेन."

"आई! सकाळचंच तर सगळं गिऱ्हाईक. अडतीस वर्षांत तुम्ही एक सकाळ गिरणी बंद ठेवली नाहीत."

"थांबेल गिऱ्हाईक," माल्सून म्हणाली. "तोकच तर आहे."